आठवड्यातला आठवा दिवस

नागपुरात आठवडा पायाखाली असतो. इतवारीत किराणा भरायचा, मंगळवारीतून सदरकडे निघायचं, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी अशा वस्त्या ओलांडायच्या, सोमवारी क्वार्टरला कुणाला तरी भेटून घरी यायचं. वारांची नावं इतर गावांतही पेठांना आहेत, पुण्यात तर भरपूर आहेत. नागपूरच्या नावांत मात्र शेवटी एक 'ई' लागते आणि त्या ईकारामुळे शब्द मोकळा होतो. बुधवारी म्हणजे बुधवारची ती. ती काय, ते सांगायची गरज पूर्वी कुणाला वाटली नसणार. बाजार हे उघडच होतं.

शुक्रवारला तर इथं दोन नावं मिळाली. आज ज्याला गांधीसागर म्हणतात त्या तलावाला जुनी माणसं शुक्रवारी तलाव म्हणतात आणि त्याहून जुनं नाव जुम्मा तलाव. शेजारचं गांधी गेट हा पूर्वीचा जुम्मा दरवाजा, गोंड राजा चांद सुलतानाच्या काळचा. इतवारीतला 'इतवार' हा मूळचा आदित्यवार, तो झिजत झिजत इथवर आला. एका शहराच्या नकाशात संस्कृत, अरबी आणि बोली असे तिन्ही हात फिरलेले दिसतात.

या पुस्तकाची सुरुवात इथून झाली. काळ मोजणारे साधे शब्द एका भाषेतून दुसरीत नेताना काय होतं, हे मला पाहायचं होतं. त्यातला पहिला शब्द निवडला तो इंग्रजी 'वीक'. तो लॅटिनमध्ये कसा न्यायचा, असा प्रश्न मी स्वतःला घातला. विद्यार्थी सहज विचारील असा हा प्रश्न आहे आणि कोशात त्याचं उत्तरही सहज मिळतं. पण मिळतात ती उत्तरं तीन. त्या तिघांमधून निवड करायला बसलो आणि मराठी 'आठवडा' या शब्दाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. त्यात आठ का आहेत? सोमवार ते रविवार मोजले तर सातच भरतात. लहानपणापासून हा शब्द तोंडात असूनही मला हा प्रश्न पडला नव्हता, तो लॅटिनच्या वाटेनं आला.

लॅटिनमधले तीन शब्द असे. पहिला 'हेब्दोमास', ग्रीकांकडून घेतलेला, सातांचा गट असा अर्थ. शिकलेल्या रोमन माणसाचा हा शब्द. वॅरो आणि सिसेरो तो वापरतात. दुसरा 'सेप्तिमाना', उत्तरकालीन लॅटिनमधला. ग्रंथांत तो उशिरा आला तरी लोकांच्या तोंडी तोच रुजला. इटालियन सेत्तिमाना, फ्रेंच स्मेन, स्पॅनिश आणि पोर्तुगीज सेमाना ही सगळी त्याची लेकरं. पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यात उतरला आणि ख्रिस्ती कोंकणीत 'सुमान' होऊन राहिला. रोमचा एक शब्द आपल्या शेजारच्या अंगणात आजही नांदतो, हे मला फार मोलाचं वाटतं. गोव्याच्या त्या बोलीनं आठवड्याचं नाव परकं घेतलं, वारांची घेतली नाहीत. पोर्तुगीज सोमवारला 'दुसरी फेरा' म्हणतात, शुक्रवारला 'सहावी फेरा'. कोंकणी माणसानं ते क्रमांक नाकारले आणि सोमार, मंगळार, शुक्रार हेच ठेवले.

तिसरा शब्द 'नुन्दिने'. खरा रोमन शब्द हाच आणि मला सगळ्यांत जास्त वेळ याच्यापाशी थांबावं लागलं.

रोमन लोकांचा जुना आठवडा सातांचा नव्हताच. त्यांच्या भिंतीवरच्या पंचांगांत दिवसांना ए पासून एच पर्यंत आठ अक्षरं लावलेली दिसतात. एच झाला की पुन्हा ए. दर आठव्या दिवशी बाजार. खेड्यातला शेतकरी त्या दिवशी शहरात यायचा, माल विकायचा, कज्जे-खटले उरकायचा, नवे कायदे काय झाले ते ऐकायचा आणि संध्याकाळी गावाकडे वळायचा. पण या बाजाराचं नाव 'नुन्दिने', म्हणजे नवव्या दिवसाचा. 'नोवेम' म्हणजे नऊ. फेरा आठ दिवसांचा आणि नावात नऊ! शेतीवर लिहिताना वॅरो म्हणतो की आपले पूर्वज नवव्या दिवशी शहराची कामं बघत आणि उरलेले सात दिवस शेत कसत. एकाच वाक्यात नऊही आहेत आणि सातही. त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही, कारण रोमन माणूस दोन्ही टोकं धरून मोजायचा. गेल्या बाजाराचा दिवस पहिला, मधले सात आणि आजचा बाजार नववा.

आता 'आठवडा' पुन्हा उच्चारून बघा. गेल्या बुधवारचा बाजार पहिला, मधले सहा दिवस आणि हा बुधवार आठवा. सातांचा फेरा आणि नाव आठाचं. रोमनांचा आठांचा फेरा आणि नाव नवाचं. संख्या वेगळ्या, मोजायची रीत अगदी एक. माझ्या मते आपल्या शब्दातले आठ इथून आले आहेत. आठवडा आणि आठवडी बाजार हे शब्द एकमेकांना इतके चिकटलेले आहेत, त्याचंही कारण मला हेच दिसतं. सात दिवसांची पोकळ लांबी मोजायला कुणी बसलं नव्हतं. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत बोटं मोडली गेली आणि आठव्या बोटावर पुन्हा बाजार आला. गुजरातीत 'अठवाडियुं' आहे. फ्रेंच माणूस आजही आठवड्याला बोलताना 'आठ दिवस' म्हणतो आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस'.

पंधरा दिवस म्हटलं की आपला पंधरवडाही याच माळेत ओवायचा मोह होतो. मी तो आवरला आहे. पंधरवड्यामागे पक्षाच्या पंधरा तिथी उभ्या आहेत. प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत किंवा अमावास्येपर्यंत त्या खरोखर पंधरा असतात. पितृपंधरवडा म्हणताना आपण टोकं धरून मोजत नाही, तिथी मोजतो. दिसायला सारखे असलेले दोन शब्द वेगळ्या विहिरींचं पाणी प्यालेले असू शकतात.

दोन्ही टोकं धरून मोजायची ही सवय आपल्यातून पुरती गेलेली नाही. बारसं बाराव्या दिवशी, ते जन्माचा दिवस पहिला धरून. दहावा, तेरावा हेही तसेच. आयुर्वेदातला तृतीयक ज्वर एक दिवस सोडून येतो: आज ताप, उद्या नाही, परवा पुन्हा, आजचा पहिला धरला तर परवाचा तिसरा. चतुर्थक दोन दिवस सोडून. रोमन वैद्यांनी याच तापांना हीच नावं दिली, 'तेर्तियाना' आणि 'क्वार्ताना', तिसऱ्याचा आणि चौथ्याचा. डॉक्टर मंडळी हिवतापाच्या प्रकारांना अजून इंग्रजीत तेच म्हणतात. एका दिवसाआड येणाऱ्या तापाच्या नावात तीन का, असा प्रश्न आजच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पडतो. चरकाच्या शिष्याला पडला नसता.

आकडा एक आणि मोजायची रीत दुसरी असं झालं की काय होतं, याचा सगळ्यांत मोठा दाखला खुद्द रोमचा आहे. ज्यूलियस सीझरनं ख्रिस्तपूर्व 45 पासून नवं पंचांग लागू केलं. त्यात दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायचा होता. पुढच्याच वर्षी सीझर मारला गेला आणि पंचांग सांभाळणाऱ्या पुरोहितांनी 'दर चौथ्या वर्षी' हे शब्द आपल्या जुन्या सवयीनं मोजले. वाढीव दिवसाचं वर्ष पहिलं धरलं, म्हणजे चौथं येतं ते तीन वर्षांनी. 36 वर्षांत 9 दिवस वाढायचे तिथं 12 वाढले. ऑगस्टसला शेवटी काही वर्षं वाढीव दिवस बंदच ठेवावे लागले, तेव्हा पंचांग पुन्हा ताळ्यावर आलं. आदेश लॅटिनमध्ये होता, वाचणारेही लॅटिन बोलणारेच होते. एकाच भाषेत हे घडलं, मग दोन भाषांमध्ये किती जपायला हवं!

माझ्या वाट्याला याचं एक लहान रूप आलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी गावी निघालो होतो. आई म्हणाली होती, आठ दिवस राहून जा. मी कचेरीत इंग्रजीत अर्ज दिला, सोमवारपासून 'एट डेज'. आईच्या आठ दिवसांचा अर्थ मला ठाऊक होता: सोमवारी जायचं, पुढच्या सोमवारी कामावर. त्या सोमवारी हजर झालो तर हजेरीपटावर माझ्या नावापुढे रजा लागलेली. लिहिणाऱ्यानं अर्जात होतं तेच लिहिलं होतं. मराठीतले आठ इंग्रजीत सात होतात, हे त्या दिवशी मला कळलं. ते का होतात, हे कळायला रोमन बाजारापर्यंत जावं लागलं.

सातांचा फेरा मग कुठून आला? तो दोन वाटांनी आला. एक वाट यहुदी परंपरेची, सातव्या दिवशी विश्रांती. दुसरी ग्रहांची. सात ग्रह, दिवसाचे चोवीस होरे, प्रत्येक होऱ्याचा एक स्वामी आणि पहिल्या होऱ्याचा स्वामी तो दिवसाचा स्वामी. शनीपासून चंद्रापर्यंत ग्रहांचा उतरता क्रम लावून मोजत गेलं की रवीनंतर सोम आणि सोमानंतर मंगळ आपोआप येतो. 'होरा' हा आपला शब्द ग्रीकांकडून आला आणि इंग्रजी 'अवर' त्याच मुळाचा. म्हणून रोमन वार आणि आपले वार ग्रहागणिक जुळतात. 'दिएस सोलिस' रविवार, 'दिएस लूने' सोमवार, 'दिएस मार्तिस' मंगळवार, 'दिएस मेर्कूरी' बुधवार. इंग्रजीत बुधवारी जर्मन देव वोडन बसला आणि गुरुवारी थॉर, त्यामुळे इंग्रजीतून लॅटिनमध्ये वार नेताना देव बदलावे लागतात. नागपूरच्या बुधवारीला लॅटिनमध्ये नेताना काहीच बदलावं लागत नाही. बुध तिथंही व्यापाऱ्यांचाच देव आहे.

भारतात वाराचा उल्लेख असलेला सर्वांत जुना कालनिश्चित लेख म्हणून एरणच्या स्तंभाचं नाव घेतात. बुधगुप्ताच्या काळचा हा लेख गुप्त संवत 165चा, म्हणजे इसवी सन 484चा. आषाढ शुद्ध द्वादशी, सुरगुरूचा दिवस, गुरुवार. एरण सागर जिल्ह्यात आहे आणि नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं तेव्हा सागर याच प्रांतात होता. तिथी आपली आणि फार जुनी. वार तिच्या शेजारी पाहुण्यासारखा येऊन बसला आणि पुढं घरचाच झाला. 'वार' या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थ पाळी. 'वारंवार'मध्ये तो अजून जिवंत आहे. बुधवार म्हणजे बुधाची पाळी. इंग्रजी 'वीक'ही वळणं, फेरा घेणं अशा अर्थाच्या जुन्या मुळाशी बहुधा जोडलेला आहे. म्हणजे इंग्रजांच्या शब्दात आकडाच नाही! त्यात फक्त फेरा आहे. तो ग्रीक, रोमन किंवा मराठी घरी न्यायचा म्हटलं की सात, आठ, नऊ यांपैकी एक आकडा पदरी घ्यावाच लागतो.

रोममध्ये सातांच्या फेऱ्याला राजमुद्रा मिळाली ती 321 साली. सम्राट कॉन्स्टन्टाईननं सूर्याच्या वारी न्यायाधीशांना, शहरी लोकांना आणि कारागिरांना सुट्टी दिली. शेतकऱ्याला मात्र त्यातून मोकळं ठेवलं. पेरणीचा वाफसा कुणासाठी थांबत नाही, हे त्या फर्मानाला ठाऊक होतं. चर्चनं मग ग्रहांची नावं बाजूला सारून वारांना क्रमांक दिले आणि 'फेरिआ' शब्द जोडला. पोर्तुगीज 'फेरा' तीच. आपल्याकडे सेमिनरी हिल्सचं नाव ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलं, तिथं धर्मगुरू व्हायला आलेल्या मुलांना एके काळी लॅटिन शिकावीच लागे. प्रार्थना त्याच भाषेत होत. 1962 ते 1965च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषा वेदीपाशी आल्या. 'सेमिनरी' या शब्दाचा लॅटिन अर्थ रोपवाटिका. संत्र्याच्या कलमांच्या या मुलखात तो चांगला रुजला असं मला वाटतं.

नागपुरात शब्द घडवण्याचं एक मोठं काम झालं, ते या प्रस्तावनेत यायलाच हवं. डॉ. रघुवीर लाहोरहून इथं आले आणि त्यांच्या सरस्वती विहार या संस्थेनं इथं राहून प्रशासन, विज्ञान, शिक्षण यांतल्या इंग्रजी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश 1955 साली नागपुरातूनच निघाला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: युरोपच्या भाषा लॅटिन आणि ग्रीकमधून शब्द घडवतात, आपण संस्कृतातून घडवावेत. त्यांच्या कित्येक शब्दांवर लोकांनी कुरकुर केली, पण कामाचा आवाका आणि त्यामागची तळमळ यांपुढे मी नम्र होतो. आठवड्यासाठी त्यांना काही घडवायची गरज नव्हती. 'सप्ताह' तयारच होता.

पण नागपूरच्या माणसाकडे तेव्हाही एकाऐवजी तीन शब्द होते आणि तिघांची कामं वाटलेली होती. सप्ताह देवळात: भागवत सप्ताह, हरिनाम सप्ताह, सात दिवस अखंड वीणा. हप्ता पैशाचा: कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता. विदर्भात हा शब्द 'एका हप्त्यानं येतो' असा काळासाठीही सर्रास येतो. आठवडा राहिला बाजाराचा आणि घरचा. हप्ता फारसीतून आला, 'हफ्त' म्हणजे सात. संस्कृत सप्त, फारसी हफ्त, ग्रीक हेप्ता, लॅटिन सेप्तेम ही एका आईची लेकरं. त्यामुळे सप्ताह, हप्ता, हेब्दोमास आणि सेप्तिमाना ही सख्खी भावंडं ठरतात आणि त्यांतली दोन आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. आठवडा तेवढा त्या कुळाबाहेरचा. फ्रेंचमध्ये घरचा शब्द स्मेन, पण आठवड्यानं निघणाऱ्या पत्राला 'एब्दो' म्हणतात, हेब्दोमासवरून. आपणही 'आठवडी पत्र' म्हणत नाही. गोपाळराव ओगले यांनी 1914 मध्ये नागपुरात 'महाराष्ट्र' काढलं ते साप्ताहिकच होतं. शिकलेल्या कामाला दोन्ही भाषा जुन्या घराण्यातला शब्द बोलावतात.

'वीकएंड'ही कुणी विचारतं. व्हॅटिकनच्या आधुनिक लॅटिन कोशात त्यासाठी 'बाहेर पडणारा आठवडा' अशा अर्थाची जोडी आहे. शब्दरचना सुंदर आहे, पण रोमन शेतकऱ्याला तिचा उलगडा झाला नसता. विदर्भातल्या शेतमजुरालाही नाही. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळाली. तो शहरातल्या कामगाराचा हक्काचा दिवस झाला. खेड्यात कामाला विराम मिळतो तो बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी मजुरी हातात पडते, दुपारनंतर शेतात कुणी दिसत नाही, मीठ-मिरची, तेल, पोरांना भजी आणि चिवडा. तिथं आठवडा सुरू होतो आणि संपतो तो बाजारानं. शनिवारशी त्याचा संबंध नसतो.

म्हणून मी पुढच्या पानांत एकच लॅटिन शब्द सगळीकडे लावलेला नाही. ग्रंथातला, गणिताचा आठवडा आला तिथं हेब्दोमास. चर्च, सुट्टी, पगार यांचा आला तिथं सेप्तिमाना. आठवडी बाजार आला तिथं नुन्दिने, सातांचा आणि आठांचा फरक ठाऊक असूनही. शुद्धतेचा आग्रह धरणारे यावर हरकत घेतील. त्यांच्यासाठी माझ्याकडे पोम्पेईची एक भिंत आहे.

इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेलेल्या त्या शहरातल्या एका दुकानात भिंतीवर कुणी तरी यादी कोरून ठेवली आहे. एका बाजूला 'वार', शेजारी 'नुन्दिने'. शनिवार, पोम्पेई. रविवार, नुकेरिया. सोमवार, आतेल्ला आणि नोला. मंगळवार, कुमे. बुधवार, पुतेओली. गुरुवार, रोम. शुक्रवार, कापुआ. आठ दिवसांचा जुना बाजार तिथं सातांच्या ग्रहवारांत येऊन बसला आहे आणि नाव तेच राहिलं आहे, नवव्याचं. लिहिणारा कोण होता ते कोरलेलं नाही. मला तो ओळखीचा वाटतो. आपल्याकडे बाजार करणारे कापडवाले, भांडेवाले, मसालेवाले असेच फिरतात: या वारी हे गाव, त्या वारी ते. मंगळवारी सदरला पाल टाकायचं, संध्याकाळी गठ्ठे बांधून टेम्पोत चढवायचे, दुसऱ्या दिवशी सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात उतरवायचे. त्यांची यादी भिंतीवर नसते, तोंडपाठ असते. ती मी त्यांच्याकडून ऐकून लिहून घेतली आणि पोम्पेईच्या यादीसारखे दोन रकाने आखून लॅटिनमध्ये मांडली. पहिल्या पानावर तीच आहे.